माज, गाभण आणि चार लेंड्या

आमच्या घरी गाय माजावर आली की ते सगळ्यात आधी बाबांना कळायचं. आम्ही पोरं गोठ्यातच लोळत असायचो, पण आम्हाला काही दिसायचं नाही. बाबा मात्र सकाळी दार उघडून एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "आज हिचं काही खरं नाही." मग दुपारपर्यंत गाय हंबरून हंबरून गल्ली डोक्यावर घ्यायची. आर्वीकडचं गाव आमचं, गाई गवळाऊ. पांढऱ्या, लांबट तोंडाच्या, चालायला बैलाच्या वरताण. (वर्धा जिल्ह्याच्या बाहेरच्या मंडळींसाठी: गवळाऊ ही आमच्या भागाची अस्सल जात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्रही आहे. आता गावात शुद्ध गवळाऊ शोधायला लागते, ते दुखणं पुन्हा कधीतरी.)

तर सांगायचं म्हणजे, एवढी तयार नजर असलेले बाबाही एकदा चुकले.

चांदणी नावाची गाय होती. तीन वेळा भरवली, तिन्ही वेळा उलटली. पुढे ती माजावर येईना. बाबा म्हणाले, भाकड झाली. कोरडवाहूचं वर्ष, घरात चाऱ्याची ओढ. चांदणी बाजारात गेली. दोन-अडीच महिन्यांनी घेणारा माणूस रस्त्यात भेटला आणि हसत म्हणाला, "भाऊ, तुमची गाय तं गाभन हाये!" रानात कळपात ती कधी भरली ते कुणी पाहिलंच नव्हतं. माज थांबला होता तो फळली म्हणून, आणि आम्ही त्याचा अर्थ बरोब्बर उलटा लावला होता.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पैशांचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे "मला कसं कळलं नाही" याचं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढची वीस वर्षं ऐकलं. ताईला आणि धाकट्या काकांना आठवत असेल.

हे सगळं आता आठवायचं कारण पिसोरी.

पिसोरी हे आपल्या विदर्भातल्या दाट जंगलांत राहणारं हरणासारखं दिसणारं जनावर. हिंदीत त्याला मूषक मृग म्हणतात. वजन तीनेक किलो, म्हणजे घरच्या बोक्यापेक्षा थोडंसं कमीच. अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. शिंगं नाहीत, नराला त्याऐवजी बाहेर डोकावणारे सुळे. खरं हरीणही नाही ते, रवंथ करणाऱ्या प्राण्यांची एक फार जुनी शाखा आहे. दिवसा दडून बसतं, रात्री पडलेली फळं आणि पाला खातं, एकटं राहतं. मेळघाटात आणि ताडोब्यात आहे. पण जिप्सीतून वाघ बघायला गेलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना ते आयुष्यात दिसत नाही, आणि दिसलं नाही म्हणून कुणी वाईटही वाटून घेत नाही.

काही वर्षांपूर्वी हैदराबादला भाचीला घेऊन नेहरू प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिला हत्ती बघायचा होता आणि मला सावलीत बसायचं होतं. :) तिथे पिसोरीबद्दल पहिल्यांदा कळलं, आणि घरी आल्यावर वाचत गेलो. वाचलेलं थोडक्यात सांगतो.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची 'लॅकोन्स' नावाची एक प्रयोगशाळा आहे, संकटातल्या प्राण्यांसाठीची. डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकारानं १९९८च्या सुमारास ती उभी राहायला लागली. ज्यांनी आपल्याकडे डीएनए ठसे आणले तेच हे लालजी सिंग. २०१० मध्ये या प्रयोगशाळेनं, प्राणिसंग्रहालयानं आणि वनखात्यानं मिळून पिसोरीच्या पैदाशीचा कार्यक्रम सुरू केला. सुरुवात फक्त सहा जनावरांवर. काही वर्षांत संख्या शंभराच्या पार गेली, आणि २०१७ मध्ये तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात पहिली तुकडी सोडली गेली. तीही एकदम नाही. आधी जंगलातल्याच कुंपणात ठेवून, तिथलं खाणं आणि तिथले आवाज अंगवळणी पाडून, मग.

आता प्रश्न असा, की बाबांची चांदणी हंबरत तरी होती. पिसोरी हंबरत नाही. कुणी बघत असेल तर ती हलतसुद्धा नाही. तिचा माज कळणार कसा? ती गाभण आहे की नाही हे ठरवणार कसं?

रक्त काढायचं म्हटलं तर तीन किलोच्या जनावरात रक्त ते किती! शिवाय हरणांच्या जातीला धरपकड सोसत नाही. भीतीनं आणि धडपडीनं स्नायू आतून निकामी होतात आणि जनावर हातात किंवा नंतर दोन-तीन दिवसांत मरतं. म्हणजे गाभण आहे का हे बघायला जावं आणि तीच हातची जावी.

उत्तर तिच्या लेंड्यांत होतं.

ते असं. अंडाशयातून स्त्रीबीज सुटलं की शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. गर्भ राहिला तर ते वाढलेलंच राहतं, नाही राहिला तर उतरतं आणि माज पुन्हा येतो. हे संप्रेरक रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याची मोडतोड होते, आणि ते तुकडे पित्ताबरोबर आतड्यात उतरतात. म्हणजे अंडाशयात काय चाललंय त्याची बातमी रोज सकाळी जमिनीवर पडलेली असते. फक्त थोडी शिळी. खाल्लेलं बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा उशीर. आजच्या लेंडीत कालची बातमी.

पिंजरा झाडणाऱ्या माणसानं ताजी लेंडी उचलायची, पिशवीवर जनावराचा क्रमांक आणि तारीख घालायची, लगेच गोठवायची. नाहीतर जंतू त्या तुकड्यांचीही मोडतोड करतात आणि आकडा खोटा येतो. पुढे प्रयोगशाळेत ती वाळवून भुकटी करायची, अल्कोहोलमध्ये हलवून संप्रेरकाचे अंश काढून घ्यायचे आणि मोजायचे.

मोजायचे कसे, हे मला माझ्या मामेबहिणीनं समजावलं. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. ९६ खाचांची एक प्लास्टिकची ताटली असते. प्रत्येक खाचेच्या तळाशी प्रतिपिंडं चिकटवलेली. ती म्हणाली, "दादा, एसटी समज. सीटा ठरलेल्या. काही प्रवासी आपण मुद्दाम रंगीत शर्ट घालून पाठवायचे आणि त्यांच्याबरोबर तुझ्या नमुन्यातले साध्या शर्टाचे. साधे जास्त असले तर रंगीत लोकांना सीट मिळत नाही. म्हणून रंग फिका आला तर संप्रेरक जास्त." मी बी.एस्सी.ला जे तीन वर्षांत समजलो नाही ते तिनं चहा गार व्हायच्या आत सांगितलं.

या पद्धतीचं मूळही माणसांच्या दवाखान्यातलंच. न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाअखेर रक्तातलं इन्सुलिन किरणोत्सारी खुणेनं मोजायची युक्ती काढली. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये किरणोत्साराऐवजी रंग बदलणारी पद्धत आली. मधुमेहासाठी शोधलेली गोष्ट फिरत फिरत पिसोरीच्या लेंडीपर्यंत पोचली.

आणि त्या आधी काय होतं? आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला वटवाघळांच्या प्रजननावर मोलाचं काम केलं. वटवाघळांवर काम करणारे लोक जगभर त्यांचं नाव घेतात. पण त्या काळात अंडाशयाची अवस्था कळायची तर वर्षभर ठरावीक दिवसांनी जनावरं पकडायची, मारायची, आणि ऊतींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हाच मार्ग होता. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. दुसरी वाटच नव्हती. पण ज्या जातीची सहाच जनावरं हाताशी आहेत तिथे ही वाट बंद असते. एक मारून पाच कशी जगवायची ते शिकणं म्हणजे वेडेपणा.

मोजत राहिल्यानं काय फरक पडतो त्याचं एकच उदाहरण. पिसोरीची मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि नर जवळ असेल तर पुन्हा गाभण राहते. म्हणजे तब्येत बरी असेल तर ती जवळजवळ कायमच गाभण. आता चांगल्या मनाचा रखवालदार काय करेल? पिल्लू झालं की नराला बाजूला काढेल, बाळंतिणीला त्रास नको म्हणून. झालं! ती संधी गेली. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, "पिंजऱ्यात ह्या जातीची पैदास होत नाही." माया होती, पण माहिती नव्हती. आमच्या बाबांसारखंच.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं कौतुक म्हणून लिहिलं असतं तर इथेच थांबलो असतो. पण माझं एक म्हणणं आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या लोकांना आवडणार नाही असं दिसतंय.

पहिलं म्हणणं. संकटातलं छोटं जनावर जिथे कुठे पैदाशीसाठी कोंडून ठेवलेलं आहे, तिथे या मोजणीशिवाय ते ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. "या वर्षी चार पिल्लं झाली" एवढा अहवाल पुरेसा नाही. न झालेल्या पिल्लांचा हिशोब कुठे आहे? कोण भरली आणि फळली नाही, कुणाचा गर्भ मध्येच गेला, कोण ताणाखाली आहे? ताणाचंही संप्रेरक त्याच लेंडीत सापडतं. गर्दीच्या दिवशी, शेजारी बिबट्याचा पिंजरा आणून ठेवल्यावर, वाहनातून हलवल्यावर ते वाढतं का, हे आता बघता येतं. बघता येत असताना न बघणं हा वेगळाच गुन्हा आहे. चांदणीच्या वेळी बाबांकडे साधन नव्हतं. आज साधन आहे, तेव्हा "मला कसं कळलं नाही" म्हणायची सोय राहिलेली नाही.

आपल्याकडून हे फार लांबही नाही. नागपुरात गोरेवाड्याला २०१५ पासून वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आहे, २०२१ पासून प्राणिसंग्रहालय आहे, आणि पशुविज्ञान विद्यापीठाची माणसं तिथे काम करतात. वर्ध्यातही पिपरीला करुणाश्रमात जखमी वन्यप्राणी येत असतात. बोरला आपला व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ मध्ये झालेला, १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाच्या नावानं विदर्भात पैसा येतो, रस्ते होतात, रिसॉर्ट उभी राहतात. माझी मागणी एवढीच, की त्यातला थोडासा वाटा लेंड्या गोळा करायला, एका शीतपेटीला आणि एका मोजणाऱ्या मुलीला मिळावा. पिसोरी, खवले मांजर, ठिपक्यांची रानमांजर यांच्यासाठी. जाहिरातीत छापता येत नाही अशा जनावरांसाठी.

कुणी म्हणेल, पिसोरी कुठे एवढी संकटात आहे? बरोबर आहे. जागतिक लाल यादीत ती "काळजीचं कारण कमी" याच खान्यात आहे. आपल्या कायद्यानं मात्र तिला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. माझं उत्तर असं, की शिकायचं ते जनावर बऱ्यापैकी असतानाच शिकून घ्यावं. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट म्हणून मुंगसाएवढा प्राणी आहे. १९८७ पर्यंत त्यातले शेवटचे १८ पकडून पिंजऱ्यात आणले, आणि पुढची सगळी वंशावळ त्यातल्या फक्त सात जणांच्या रक्तावर चालली. शेवटी १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या एका मादीच्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये तिची प्रतिकृती जन्माला घातली, का, तर वंशात नवं रक्त यावं म्हणून. घर जळायला लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती हीच. विहीर लागली हे त्यांचं नशीब आणि कष्ट. प्रत्येकाला लागतेच असं नाही.

दुसरं म्हणणं, आणि हे प्रयोगशाळेवर खूश असणाऱ्यांसाठी. आकड्याला देव करू नका. राक्षसी पांडाच्या बाबतीत प्रोजेस्टेरॉन वाढतं, मादी गाभण असल्यासारखी वागते, सगळे आनंदानं वाट बघतात आणि आत काहीच नसतं. खोटं गाभणपण. फेरेटमध्येही हे होतं. एका जातीचं गणित दुसऱ्या जातीला लागू पडत नाही, आणि एका मादीची "नेहमीची" पातळी दुसरीची नसते. म्हणून रोज झाडू मारणारा जो माणूस आहे, ज्याला माहीत आहे की क्रमांक चारची मादी काल पाल्याकडे फिरकली नाही, त्याची वही आणि ताटलीतला रंग हे शेजारी शेजारी ठेवूनच बघायला हवं. त्या माणसाचा पगार आणि त्याचं शोधनिबंधातलं नाव, दोन्हीकडे आपण आखडता हात घेतो. बाबांची नजर आणि बहिणीची ताटली एकत्र असती तर चांदणी विकली गेली नसती. एकट्या ताटलीचाही मला भरवसा नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःलाच टोचते. पैदास जमली, पुढे काय? सहाची शंभर झाली, ती ठेवायची कुठे? आसामात १९९६ मध्ये मानसच्या गवताळ रानातून सहा पिग्मी हॉग (पंचवीस सेंटीमीटर उंचीचं रानडुक्कर) आणून अशीच पैदास सुरू केली. तिथे २००८ पासून ती परत गवतात सोडताहेत, कारण गवत राखण्याचं कामही बरोबरीनं केलं. जंगल नसेल तर पैदास केंद्र म्हणजे गोदाम. आणि गोदामात माल भरत राहणं हे काही संवर्धन नव्हे. मी पूर्वी या कारणासाठी प्राणिसंग्रहालयांच्या सरसकट विरोधात होतो. आता नाही. पण आता मला वाटतं की जी मोजणी "केव्हा वाढवायचं" हे सांगते तिनंच "केव्हा थांबायचं" हेही सांगितलं पाहिजे. सोडायला रान नसेल तर नर-मादी वेगळे ठेवा. पिल्लाच्या फोटोचा मोह आवरा. हे लिहायला सोपं आहे. पिल्लू समोर असताना अवघड असेल, कबूल.

राहिला प्रश्न शेणाची किळस येण्याचा. भाचीनं हे ऐकून नाक मुरडलं होतं. तिला म्हटलं, बाई, आपण वर्धेचे. पवनारहून विनोबा रोज खांद्यावर फावडं घेऊन सुरगावला मैला साफ करायला पायी जायचे, कित्येक महिने, पावसापाण्यात. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणतात. दुसऱ्या कुठल्या भाषेनं विष्ठेच्या नावात सोनं घातलंय ते मला सांग!

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पिसोरीची ही गोष्ट त्यांना सांगायला हवी होती असं फार वाटतं. ते काय म्हणाले असते तेही मला माहीत आहे. आधी म्हणाले असते, "लेंड्या बघून जनावर ओळखायचं, त्यात नवीन काय? आम्ही तेच करत होतो." मग थोडा वेळ गप्प बसले असते, तंबाखू मळली असती, आणि विचारलं असतं, "अन् ते चांदणीचं पण कळलं असतं का रे?"

कळलं असतं बाबा. दुधाच्या किंवा रक्ताच्या चार थेंबांत, एका दुपारीत.

असो. बोरच्या बाजूला पायी फिरणाऱ्या मित्रांनी पुढच्या वेळी वाघाच्या ठशांबरोबर जरा खालच्या पाचोळ्यातही बघत जावं. छोट्या लेंड्या दिसल्या तर तुडवू नका. कुणाची तरी कालची बातमी असते ती.